बाबांच्या जांभया

माझे सासरे फोनवर जांभया द्यायचे. कंटाळून नाही, ते त्यांचं कामच होतं.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मला हे कळलं. त्यांचं घर शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंटपासून जवळच. जेवण अगदी रंगात आलं होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा जुना फोन वाजला. सासऱ्यांनी काटा खाली ठेवला, फोन घेतला, ग्रीकमध्ये एकदोन प्रश्न विचारले आणि आमच्याकडे पाठ करून काहीतरी पुटपुटायला लागले. मधेच त्यांनी एवढी मोठी जांभई दिली की मला त्यांच्या जबड्याची काळजी वाटली. मग दुसरी दिली. तिसरीला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी फोनमध्ये थुंकल्यासारखं तीनदा 'फ्तू' केलं, फोन ठेवला आणि परत येऊन शांतपणे बटाटे खायला लागले. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मिलवॉकीच्या आत्याला दृष्ट लागली होती. बाबांनी काढली."

मी मनात कपाळाला हात लावला. सांगलीहून निघून, एमएस करून, व्हिसाच्या रांगा लावून, घरच्यांशी भांडून ग्रीक मुलाशी लग्न करावं, आणि सासर मिळावं ते हे. आईच्या मीठ-मोहऱ्यांना मी कॉलेजात असल्यापासून नाक मुरडत आले. आणि इथे अमेरिकेत एक मिशाळ म्हातारा जेवता जेवता दृष्ट काढतोय. तीही फोनवरून!

ग्रीक मुलंही वडिलांना 'बाबा'च म्हणतात. त्यामुळे त्यांना काय हाक मारायची हा प्रश्न मला पडलाच नाही. पहिल्या दिवसापासून ते माझेही बाबा झाले.

बाबा डोंगरातल्या एका खेड्यातून आले होते. लहानपणी शेळ्या राखल्या, मोठे झाल्यावर शिकागोला आईच्या चुलतभावाच्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासली, आणि मग हळूहळू स्वतःचं पॅनकेक हाउस टाकलं. आयुष्यभर अंधारात उठले आणि इतरांचे नाश्ते केले. स्वतः मात्र सकाळी एक कडक कॉफी आणि पावाचा तुकडा, एवढंच. बायको गेल्यावर त्यांनी धंदा विकला. मी त्या घरात आले ती त्यानंतर. तेव्हा ते टोमॅटो लावायचे, रविवारी चर्चला जायचे, कुणी खोलीतून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन दिवा बंद करायचे, आणि फोनची वाट बघायचे. मुलांचे फोन आठवड्यातून एकदा. बाकी सगळे दृष्टीचे. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाचं बाळ रडतंय, कुणाची नवी गाडी दुसऱ्याच दिवशी ठोकली गेली. सगळ्यांना बाबा हवे असायचे.

आमची दोस्ती झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. मुलगी झाली, दोन महिन्यांची असताना एकदा दिवसभर रडत राहिली. सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर. "अगं, दृष्ट लागलीय पोरीला, मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळ आणि टाक तव्यावर." मी आधी वाद घातला. पण पोर काही थांबेना, माझ्या नाकी नऊ आले, आणि शेवटी म्हटलं, टाकू. टाकल्या. मिरच्यांचा असा ठसका उठला की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला, मग मजल्यावरचा, मग सगळ्या बिल्डिंगचा. लोक चपला घालून पार्किंगमध्ये. कुणी मांजर काखोटीला मारून, कुणी ओल्या केसांनी. अग्निशमन दलाची गाडी आली. एक धिप्पाड माणूस कुऱ्हाड घेऊन माझ्या ओट्यापाशी आला आणि तव्यातल्या काळ्या मोहऱ्या बघून म्हणाला, "मॅडम, हे काय कुक करताय?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नेमके त्याच वेळी बाबा आमच्यासाठी पालक भरलेली ग्रीक पेस्ट्री घेऊन आले होते. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "मिरच्या कशाला? पाण्यात तेलाचा थेंब टाकायचा. पसरला तर लागलीय." मग नातीकडे बघून पुटपुटले, जांभया दिल्या, फ्तू केलं. पोरगी झोपली. ती एवढं रडल्यावर झोपणारच होती, हे मी नवऱ्याला दहा वेळा ऐकवलं. पण त्या दिवसापासून बाबा मला आपल्यातली समजायला लागले. "तुझ्या आईला विचार," असं म्हणून ते मला प्रश्न द्यायचे. गाईला लागते का? गरोदर बाईला निळ्या डोळ्यांच्या माणसाची जास्त लागते का? आई सांगलीहून सविस्तर उत्तरं पाठवायची. मधल्यामधे मी त्या दोघांची दुभाषी. माझं सॉफ्टवेअरचं शिक्षण असं कामी आलं.

त्या पुटपुटण्याचा एक नियम होता. ते शब्द गुप्त. पुरुषाने फक्त बाईला द्यायचे, बाईने फक्त पुरुषाला. बाईकडून बाईला दिले तर गुण जातो. बाबांना ते त्यांच्या आईने दिले होते. द्यायचा दिवसही ठरलेला, त्यांच्या ईस्टरच्या आधीचा गुरुवार. लिहून द्यायचे नाहीत, तोंडानेच. आणि एकदा दिले की देणाऱ्याचा गुण संपतो. घेणाऱ्याकडे जातो.

बाबांची मुलगी, माझी नणंद, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असते. डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. लहानपणी तिने या प्रकाराची भरपूर टिंगल केली होती. पण आई गेल्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, एका ईस्टरला ती म्हणाली, "बाबा, ते मला द्या. तुमच्यानंतर कोण?" बाबा खूश झाले. म्हणाले, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. ती चिडली. मला फोनवर म्हणाली, "त्यांचा अजून माझ्यावर राग आहे."

राग कसला! मला तर स्पष्ट दिसत होतं. ते शब्द दिले की भिंतीवरचा फोन वाजायचा बंद होणार. सगळे अ‍ॅशबर्नला फोन करणार. मग या माणसाने दिवसभर करायचं काय? टोमॅटो तर चारच महिने असतात. मी नणंदेला तसं बोलूनही दाखवलं. तिला ते पटलं. मग म्हणाली, "ठीक आहे, आपण थांबू."

थांबलो, आणि तेवढ्यात बाबांचं विसरणं सुरू झालं.

आधी कॉफी गॅसवर राहायची. मग चर्चचा रस्ता चुकला. मग इंग्रजी गळायला लागलं. माझ्याशी बोलताना अर्धं वाक्य ग्रीकमध्ये जायचं आणि मी 'हो हो' करायची. मग नावं गेली. नवऱ्याला ते भावाच्या नावाने हाक मारायचे. मला 'मुली' म्हणायचे, आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण मुलीला, म्हणजे नणंदेला, ते व्हिडिओवर बघून नुसते हसायचे. पाहुण्यांकडे बघून हसतात तसे. कॉल संपला की ती मला वेगळा फोन करून रडायची. डॉक्टर म्हणाले, काही दिवस चांगले येतील, पण ते कमी कमी होत जातील.

तेव्हा आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ते शब्द अजून त्यांच्याजवळ आहेत का? फोन यायचे, ते पुटपुटायचे, पण आता मधेच थांबायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून धरायचे. नणंदेने त्या वर्षीच्या गुरुवारचं तिकीट काढलं. आता 'पुढच्या वर्षी' नाही, असं ती मला बजावून म्हणाली. मुलीसाठीचा तो वारसा होता, दुसरं काही तिला त्या घरातून नको होतं.

गुरुवारी सकाळी शिकागोत बर्फ पडलं. एप्रिलमध्ये! एरवी मी इथल्या हवेला शिव्या देत नाही, त्या दिवशी मराठीतून मनसोक्त दिल्या. फ्लाइट आधी डिले, मग कॅन्सल. नणंद तिकडे विमानतळावर अडकून पडली. आणि इकडे बाबांचा नेमका तो दिवस चांगला निघाला. स्वतः दाढी केली. पांढरा शर्ट घातला. ईस्टरची लाल अंडी रंगवायला मी भांडं काढत होते, तर मला म्हणाले, इंग्रजीत, स्वच्छ, "आज गुरुवार आहे."

मी म्हटलं, "हो बाबा. ती येतेय. जरा उशीर होतोय."

ते खिडकीशी जाऊन बसले. दुपार झाली. मी नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "संध्याकाळची फ्लाइटही कॅन्सल झाली." मग म्हणाली, "तू घे. तू बाई आहेस ना? उद्या त्यांना आठवेल का कुणाला माहीत. घे तू."

मला ते नको होतं. माझा काडीचाही विश्वास नव्हता, ग्रीक मला येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटत होतं. पण बाबांनी नवऱ्याला हातानेच बाहेर जा म्हणून सांगितलं. तो बिचारा बर्फात जाऊन मुलीबरोबर ड्राइव्ह-वे साफ करत बसला. बाबांनी समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस, मुली."

ते एक ओळ म्हणायचे, मी म्हणायची. एका अक्षराचा अर्थ कळत नव्हता. आणि इथे मला माझं सांगलीचं लहानपण उपयोगी पडलं. संध्याकाळी दिवा लागला की आम्हा भावंडांना आजोबांसमोर बसून स्तोत्रं म्हणावी लागायची. अर्थ विचारायची सोय नव्हती. आधी तोंडात बसव, अर्थ नंतर, असा खाक्या. त्या पाठांतराला मी जन्मभर नावं ठेवली. आणि आता चालीत, श्वास कुठे घ्यायचा तिथे घेत, एकेक ओळ पकडत गेले. उच्चार चुकला की बाबा टेबलावर बोट आपटायचे, अगदी आजोबांसारखे. मधे एक ठिकाण होतं, तिथे ते आवाज अगदी मऊ करायचे. मीही केला.

बाहेर नवऱ्याचं फावडं वाजत होतं. शेवटी मी सगळं एका दमात, न अडखळता म्हटलं. बाबांनी डोळे मिटले. "पुन्हा," म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. त्यांचे खांदे खाली आले. बसल्या जागीच त्यांना झोप लागली, आणि मी त्यांच्या अंगावर शाल टाकून अंड्यांचं पाणी उकळायला ठेवलं. मला वाटलं, सुटले एकदाचे ओझ्यातून.

त्यानंतर फोन मला यायला लागले. काय सांगू, ऐन मीटिंगमध्ये मिलवॉकीच्या आत्या! मी म्यूट करून बाहेर जायची, कॉरिडॉरमध्ये पुटपुटायची, फ्तू करायची आणि परत येऊन प्रोजेक्टच्या स्प्रिंटबद्दल बोलायची. ज्याची काढायची त्याचं पूर्ण नाव ती माणसं आधी सांगायची, बाप्तिस्म्याचं. मी 'हो' म्हणायची आणि मनात ते माणूस आणायची. नावाचं नेमकं काय करायचं असतं, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांच्या घरी असताना फोन आला तर ते शेजारी येऊन बसायचे आणि खुणेने विचारायचे, जांभई आली? मी म्हणायची, आली. खरंच कधी कधी यायची. ऑफिस करून कुणाला येणार नाही? आपला फोन गेला म्हणून ते कुढतील, ही माझी भीती खोटी ठरली. त्यांना बरं वाटत होतं.

पुढच्या जानेवारीत बाबा गेले, न्यूमोनियाने. नणंद शेवटचे आठ दिवस येऊन राहिली होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली नाहीच. तिचा हात मात्र धरून ठेवला. परत जाताना ती मला म्हणाली, "तू मला देऊ शकत नाहीस ना?" मी म्हटलं, "बाईकडून बाईला नाही. पण तुझ्या भावाला देते. तो तुला देईल." एवढं सरळ गणित आम्हा कुणाला आधी सुचलं नव्हतं.

गुरुवारची वाट पाहिली. बाबांचं घर विकायला काढलं होतं, सामान बरंचसं गेलं होतं. रिकाम्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या टाकून मी आणि नवरा समोरासमोर बसलो. नवऱ्याला ग्रीक येतं, घरात बोलण्यापुरतं. मी पहिली ओळ म्हटली, त्याने म्हटली. दुसरी. तिसरी. तो ऐकता ऐकता हसत होता, कारण माझ्या उच्चारात त्याला हुबेहूब बाबांचं खेडं ऐकू येत होतं. मग ते मऊ ठिकाण आलं. मी म्हटलं. तो म्हणेना.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

मी म्हटलं.

"हा शब्द यातला नाही. इथे नाव घालायचं असतं. ज्याची दृष्ट काढायची त्याचं." त्याचा आवाज बदलला होता. "तू बाबांचं नाव घेतेयस. पण बाबांचं कुणी घेत नाही तसं. लाडाचं. मी लहानपणी एकदा गावी गेलो होतो, तेव्हा आजी दारातून बाबांना अशी हाक मारत होती. बाबांच्या तेव्हाही एवढ्या मोठ्या मिशा होत्या. आम्ही पोरं हसलो होतो."

सगळी नावं विसरून झाल्यावर बाबांच्याजवळ ते शब्द उरले होते, ते त्यांनी पहिल्यांदा ऐकले तसे. आईच्या मांडीवर. मधल्या रिकाम्या जागेत स्वतः ते, एवढेसे.

मी विचारलं, "बाबांची दृष्ट कोण काढायचं रे?"

"आजीच. त्यांना शब्द देऊन झाल्यावरही, फक्त त्यांची ती काढायची. फोनवरून. नियम मोडून." मग म्हणाला, "मी सातवीत होतो तेव्हा आजी गेली. त्यानंतर कुणीच नाही. स्वतःची स्वतःला काढता येत नाही."

म्हणजे त्या गुरुवारी मी पाठांतराची परीक्षा देत नव्हते. दोन्ही वेळा, न अडखळता, मी त्यांची दृष्ट काढली होती. आणि मग वर्षभर मिलवॉकीच्या आत्यापासून चर्चच्या बायकांच्या नातवंडांपर्यंत ज्याची ज्याची म्हणून काढली, ती सगळी बाबांचीच. आम्ही दोघं त्या रिकाम्या घरात बसून पोटभर रडलो. मग त्याने तोंड धुतलं आणि सगळं पाठ केलं, त्या जागी जागा ठेवून. पुढच्या वर्षी त्याच गुरुवारी अ‍ॅशबर्नला जाऊन त्याने ते बहिणीला दिलं. आता सगळे फोन तिला जातात. ती प्रत्येकाचं नाव नीट विचारून घेते, आणि लोक म्हणतात, तिचा गुण अगदी बाबांसारखा येतो.

माझ्याकडे आता काही नाही. दिलं की संपतं. पण माझं पाठ आहे ते तसंच आहे, त्यातला तो शब्द मी काढला नाही. ऑफिसला ड्राइव्ह करताना सिग्नलला थांबले की कधी कधी म्हणते, तिथे आवाज मऊ करून. गेलेल्या माणसाला आता कुणाची दृष्ट लागणार, हे मलाही कळतं. तरी म्हणते.